तर्क, अनुमान, वाद, मत: शब्दांची जुनी घरे

‘नुसत्या अनुमानावर बोलू नका,’ असे आपण सहज म्हणून जातो. अनुमान म्हणजे पुराव्याविना बांधलेला अंदाज, असाच अर्थ त्यात गृहीत असतो. न्यायदर्शनात, म्हणजे ज्ञान आणि युक्तिवाद यांचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत, मात्र याच्या अगदी उलट होते. तिथे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणे) आणि शब्द (भरवशाच्या माणसाचे वचन) ही 4 प्रमाणे, म्हणजे खात्रीचे ज्ञान मिळवण्याच्या वाटा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. चुलीचा हा दाखला पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी घोकला. दुसऱ्याला पटवायचे तर प्रतिज्ञा (काय सिद्ध करायचे), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लागू करणे), निगमन (निष्कर्ष) या 5 पायऱ्या चढल्यावरच अनुमान पुरे होई.

तर्काचे काम निराळे. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतम ऋषींची न्यायसूत्रे; त्यांत 16 पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत. या सोळांत तर्क आहे, पण प्रमाणांत त्याला जागा नाही. ‘समजा अग्नी नसता, तर धूरही नसता’ असे दाखवून तो शंका दूर करतो आणि अनुमानाला टेकू देतो. तरीही सगळ्या विद्येलाच तर्कशास्त्र हे नाव पडले. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वर आजही या अभ्यासाचा श्रीगणेशा होतो. पुढे इंग्रजी शिक्षणातून आलेल्या लॉजिकलाही मराठीत हेच नाव मिळाले. बोलीत मात्र तर्क ‘लढवायचा’ असतो, आणि तर्कट म्हणजे तर निव्वळ कुभांड.

न्याय हा शब्द कोर्टात गेला. ‘या न्यायाने’ म्हणताना आणि शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या स्थालीपुलाकन्यायात त्याचा जुना, दाखल्यावरून नियम लावण्याचा अर्थ अजून तग धरून आहे.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती ‘वाद’ या शब्दाची. न्यायदर्शनात सत्य कळावे म्हणून दोघांनी केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडायची, ती वितंडा. मराठीत जल्प विसरला गेला, वितंडेला वाद चिकटून ‘वितंडवाद’ झाला आणि वादाचे भांडण झाले. सिद्धान्त या अर्थाचा वादही जुनाच: सांख्यांचा सत्कार्यवाद, वेदान्त्यांचा अद्वैतवाद. समाजवाद, साम्यवाद त्याच वळणावर घडले. दहशतवादात मात्र सिद्धान्त शोधू नये. तिथे ‘वाद’ कृतीला जोडलेला आहे.

दर्शन आणि मत यांतला फरक ज्ञानेश्वरीच्या आरंभीच दिसतो. शके 1212 मधल्या या ग्रंथात सहा दर्शने म्हणजे गणेशाचे सहा हात, आणि तर्क हा त्यांतल्या एका हातातला परशू. दुसऱ्या हातात मोडलेला दात आहे. तो बौद्धांचा, आणि तिथे शब्द येतो तो ‘बौद्धमत’. दर्शन म्हणजे पाहणे, मत म्हणजे मानणे. कोणाला हात द्यायचा आणि कोणाला मोडका दात, हे त्या एका शब्दातच ठरून गेले होते.