गन माइक आवाज ओढून आणत नाही

ऑनलाइन दुकानांत गन माइकच्या, म्हणजे एका दिशेला रोखायच्या लांब नळीच्या माइकच्या, जाहिराती चाळून बघा, पन्नास मीटरवरचं बोलणं टिपण्याचा दावा हमखास सापडेल. त्यात हेरपटांची भर: गच्चीवरून नळी रोखायची आणि खालच्या बागेतली कुजबुज ऐकायची. मग शॉर्टफिल्म करणारी मुलं हा माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात, चार मीटरवरच्या नटाकडे रोखतात आणि एडिटिंगला बसल्यावर कपाळाला हात लावतात. संवाद कुठेतरी मागे, आणि घाट चढणारी एसटी सगळ्यांत पुढे.

गन माइक लांबचा आवाज जवळ आणत नाही. समोरून येणारा आवाज तो जसाच्या तसा घेतो आणि बाजूचा काही प्रमाणात खोडतो, बस्स. पण ही खोडण्याची युक्ती इतकी देखणी आहे की तिच्यासाठी थोडं आकडेमोडीत शिरायलाच हवं.

माइक निरखून पाहिला तर पुढच्या नळीवर बारीक फटींची रांग दिसते. आवाज पकडणारा पडदा नळीच्या तोंडाशी नसतो, तो असतो मागे बुडाशी. समजा, नळी 17 सेंटीमीटरची आहे. समोरून आलेली लहर तोंडातून आत शिरते, तशीच वाटेतल्या फटींतूनही शिरते. नळीतून जावो की बाहेरून, पडद्यापर्यंत तिला तेवढंच अंतर कापायचं असतं आणि वेगही तोच, सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्यामुळे सगळे तुकडे एकाच वेळी पोचतात आणि पडदा मिळून ढकलतात.

आता आवाज काटकोनातून येऊ दे. लहर सगळ्या फटींवर एकाच क्षणी आदळते. पण बुडाजवळच्या फटीतला भाग लगेच पडद्यावर पोचतो आणि तोंडाजवळच्या फटीतला 17 सेंटीमीटर चालून, म्हणजे अर्धा मिलिसेकंद उशिरा. 2000 हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन नेमकं अर्ध्या मिलिसेकंदाचं असतं. म्हणून नळीच्या पुढच्या अर्ध्यातल्या प्रत्येक फटीला मागच्या अर्ध्यात साडेआठ सेंटीमीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीवर, एक जोडीदार सापडते. शाळेतली संपीडनं-विरलनं आठवत असतील, तर एकीतून संपीडन येतं त्याच क्षणी दुसरीतून विरलन येतं. पडदा जागचा हलत नाही.

हेच 200 हर्ट्झला करून बघू. तिथे आवर्तन 5 मिलिसेकंदांचं. अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. लेझमाच्या रांगेतला शेवटचा गडी ठोक्याच्या दहाव्या हिश्श्याने मागे पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही; अर्ध्या ठोक्याने पडला तर खेळच मोडतो. म्हणून हजार हर्ट्झच्या बऱ्याच खाली ही नळी असून नसल्यासारखी. तिथे दिशेची जी काही निवड होते ती बुडाच्या कॅप्सूलमुळे, म्हणजे पडद्याच्या डबीमुळे; ती हायपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि बाजूचं कमी ऐकणारी असते. 200 हर्ट्झही तितकेच साफ खोडायचे तर नळी 1.7 मीटर हवी. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सनने 1939 साली अशा नळीच्या माइकांचं गणित मांडलं. पुढे इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा 643 हा सुमारे सात फुटी माइक आलाही, पण तो बूमला, म्हणजे लांब काठीला, लावून नटाच्या डोक्यावर धरणार कोण?

मागून येणाऱ्या आवाजाची गंमत आणखी वेगळी. तिथे अंतराचा फरक दुप्पट, 34 सेंटीमीटर. म्हणून 1000 हर्ट्झला खड्डा, म्हणजे आवाज जवळजवळ गायब, 1500 च्या आसपास उंचवटा, 2000 ला पुन्हा खड्डा. मागचा आवाज बंद होत नाही, विद्रूप होतो. खोलीत भिंतींवरून परतणारे आवाज असेच बाजूने आणि मागून घुसतात, म्हणून आतल्या सीनला अनुभवी रेकॉर्डिस्ट गन माइक सोडून साधा हायपरकार्डिऑइड लावतात.

जनरेटरची घरघर आणि ट्रकची गुरगुर मुख्यतः हजार हर्ट्झच्या बऱ्याच खालच्या पट्टीत असते, आणि नळी तिला अडवू शकत नाही. मुहूर्ताला कॅमेऱ्यापुढे नारळ फुटतो, पण जनरेटर कुठे ठेवायचा याची चौकशी शेवटी होते. वारा सेटकडून जनरेटरकडे वाहील अशी जागा शोधावी. वाऱ्याविरुद्ध येणारा आवाज वर वळतो आणि बराचसा डोक्यावरून निघून जातो. केबल लांब लागते, लागू द्या.

मग दिशादर्शकपणाचा फायदा किती? सगळीकडून सारखं ऐकणारा माइक अर्ध्या मीटरवर जे काम करतो ते हायपरकार्डिऑइड एक मीटरवरून करतो. छोटी नळी त्यात थोडीशीच भर घालते. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. म्हणून बूम फ्रेमच्या कडेपर्यंत खाली आणायचा, नटाच्या डोक्याच्या थोडा पुढे, तोंड छातीकडे. वरून रोखल्यावर माइकच्या रेषेत नटामागे फक्त जमीन उरते. आडवा धरला तर अख्खा रस्ता. वाईजवळच्या मेणवली घाटासारख्या दगडी पायऱ्यांवर मात्र खालूनही आवाज उसळतो. तिथे फ्रेमबाहेरच्या पायरीवर दोन गोधड्या अंथराव्यात.

वाऱ्याला फोमची टोपी पुरत नाही. माइकभोवती स्थिर हवेचा कप्पा लागतो, म्हणून जाळीदार ब्लिंप आणि त्यावर फर.

आपल्याकडे खरेदी करताना दमट हवेचा विचार आधी करा. नेहमीच्या कंडेन्सर माइकमध्ये पडद्यावर विद्युतभार टिकावा लागतो. कोकणच्या पावसाळ्यात तो झिरपतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चटचट सुरू होते. सेनहायझर कंपनीच्या 416 या गन माइकमध्ये त्याऐवजी रेडिओ वारंवारतेचं मंडल आहे, म्हणून पावसापाण्यात तो जास्त भरवशाचा. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलांनी आवाज उजळतो म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलेलं बरं. ते पैसे ब्लिंपला घाला.

पारख दुकानात नको, बाहेर मोकळ्यावर करा. माइक स्टँडला लावा, हेडफोन घाला आणि सोबत्याला बोलत बोलत माइकभोवती एक फेरी मारायला सांगा. तो बाजूला गेल्यावर आवाज मुख्यतः लहान होत गेला तर नळी चांगली; थोडाफार बदल प्रत्येक नळीत होणारच. लहान होण्याआधीच फार बद्द झाला, किंवा मागे गेल्यावर फारच चिरकला, तर दुसरा माइक मागा.