समेटासाठी सामुदायिक कला: ही वाट कुठून आली

जुलै १९९३ मध्ये रवांडात आरटीएलएम हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झालं आणि त्यावरच्या गाण्यांमुळे, मोकळ्याढाकळ्या गप्पांमुळे ते लगेच तरुणांच्या आवडीचं झालं. पुढच्या एप्रिलपासून सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यात बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातले होते. त्या दिवसांत याच केंद्रावरून कोणाला शोधायचं, कुठे शोधायचं हे सांगितलं जात होतं आणि मधूनमधून सिमॉन बिकिंदी या लोकप्रिय गायकाची गाणी लागत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली बिकिंदीला १५ वर्षांची शिक्षा दिली. रस्त्याने जाताना गाडीवरच्या भोंग्यातून लोकांना हत्येसाठी चिथावल्याचा गुन्हा त्याच्यावर सिद्ध झाला होता. गाण्यांवरून त्याला दोषी धरलं गेलं नाही, पण त्या काळात ती घरोघरी ऐकली गेली होती.

कलेतून शांतता हा विषय निघाला की कला मुळातच माणसं जोडते असं गृहीत धरलं जातं. इतिहास तसं सांगत नाही. ढोल, मिरवणुका, वीरगीतं, भिंतींवरची चित्रं ही सगळी साधनं ‘आपले’ आणि ‘परके’ वेगळे करण्यासाठी आधीपासून वापरात होती. समेटासाठी झटणाऱ्यांनी तीच उचलली. त्यामुळे या कामाकडे बघताना कला कोणती यापेक्षा ती कोण करतं, कोणाच्या शेजारी उभं राहून करतं आणि काय दाखवायचं हे शेवटी कोण ठरवतं, हे पाहिलं पाहिजे असं मला वाटतं.

या वाटेची दोन मुळं स्पष्ट दिसतात. पहिलं ब्रिटनमधलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या तरुण कलाकारांची एक फळी नाट्यगृहं आणि कलादालनं सोडून कामगार वस्त्यांमध्ये गेली आणि तिथल्या रहिवाशांबरोबर नाटकं, भित्तिचित्रं, छापखाने, उत्सव उभे करू लागली. कलाकाराने करायचं आणि लोकांनी बघायचं ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. कलांना सरकारी पैसा वाटणाऱ्या ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलने हॅरॉल्ड बॉल्ड्री यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने १९७४ साली या कामाला सार्वजनिक पैसा द्यावा अशी शिफारस केली आणि ‘सामुदायिक कला’ला सरकारदरबारी जागा मिळाली. त्या वेळी तिचा भर वर्गीय विषमतेवर होता, समेटावर नव्हता.

दुसरं मूळ लॅटिन अमेरिकेतलं. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांना लष्करी राजवटीने १९७१ साली अटक करून त्यांचा छळ केला. सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूच्या साक्षरता मोहिमेत काम करताना, ब्राझीलचेच शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांच्या शिक्षणविचारांच्या आधारे त्यांनी ‘फोरम थिएटर’ घडवलं. यात अन्यायाचा प्रसंग एकदा शेवटपर्यंत होतो. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून रंगमंचावर चढून पात्राची जागा घेऊ शकतो. बोआल याची सुरुवात सांगत ती अशी: एका बाईने नटांना वारंवार सूचना केल्या, पण तिच्या मनातलं त्यांना काही केल्या दाखवता येईना. शेवटी ती स्वतःच चढली आणि तिने करून दाखवलं. पुढे ही पद्धत जगभर पसरली. पश्चिम बंगालमधली जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांत ती वापरते आहे.

बोआलांच्या पद्धतीत अन्याय करणारा आणि सोसणारा हे दोघे स्पष्ट असतात. वांशिक किंवा धार्मिक संघर्षात मात्र दोन्ही बाजू मनापासून स्वतःला पीडित मानतात. मग प्रेक्षकांतून उठणाऱ्याने कोणाची जागा घ्यायची? ही पद्धत समेटाच्या कामात आणणाऱ्यांना या प्रश्नाशी झगडावं लागलं आणि त्यातूनच पुढचे खरे प्रयोग निघाले.

त्यातले सर्वांत बोलके प्रयोग उत्तर आयर्लंडमधले. तिथे ब्रिटनबरोबर राहू पाहणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे कॅथलिक यांच्यात संघर्ष होता. तिथल्या भिंती आधीपासूनच बोलत होत्या. पांढऱ्या घोड्यावरचा राजा तिसरा विल्यम प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रंगवला जात असे. १९८१ च्या तुरुंगातल्या उपोषणात १० कैदी मेल्यावर कॅथलिक वस्त्याही चित्रांनी भरल्या. रस्ता कोणाचा आणि परक्याने कुठून परत फिरायचं हे चित्रावरून कळे. ‘ट्रबल्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या तीन दशकांत ३,५०० हून अधिक माणसं गेली. वस्त्या वेगळ्या करणाऱ्या, तिथे ‘पीस वॉल’ म्हणतात त्या भिंती १९६९ पासून उभ्या राहू लागल्या.

१० एप्रिल १९९८ ला हा संघर्ष मिटवणारा गुड फ्रायडे करार झाला. पुढच्याच वर्षी बेलफास्टमध्ये दोन्हीकडच्या हौशी नाट्यगटांनी मिळून एका लग्नाचं नाटक केलं. नवरा-नवरीपैकी एक प्रोटेस्टंट, दुसरा कॅथलिक. मार्टिन लिंच आणि मारी जोन्स या नाटककारांनी वस्त्यांतल्या लोकांबरोबर बसून संहिता घडवली. प्रेक्षकांना छोट्या छोट्या गटांनी गाडीत बसवून पूर्व बेलफास्टमधल्या खऱ्याखुऱ्या घरांत नेलं जाई. एका घरात नवरीकडची धावपळ, दुसऱ्यात नवऱ्याकडची कुरबुर, मग चर्च, मग मेजवानी. ज्या गल्लीत आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं तिथल्या स्वयंपाकघरात प्रेक्षक उभा राही. संवाद कितीही चांगले असोत, त्या नाटकाचं मोठं काम त्या गाडीच्या प्रवासात आणि त्याआधीच्या महिनोन् महिन्यांच्या तालमींत झालं, असं माझं मत आहे.

भिंतींवरचं काम याहून अवघड ठरलं. तिथल्या आर्ट्स कौन्सिलने २००६ साली बंदूकधाऱ्यांच्या चित्रांच्या जागी नवी चित्रं आणण्यासाठी वस्त्यांना पैसे देणारी योजना सुरू केली. काही ठिकाणी रहिवाशांनी बैठका घेऊन स्वतः विषय ठरवले. पण इतिहासावर चुना फासला जातोय, बंदुकीच्या जागी फुटबॉलपटू आला म्हणून बंदूक बाळगणाऱ्यांचा दरारा गेला का, अशी टीकाही झाली. ती टीका मला रास्त वाटते. त्या मानाने डेरी शहरातल्या एका भित्तिचित्राची रीत अधिक प्रामाणिक होती. १९७१ साली गोळीबारात सापडून गेलेल्या १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचं ते चित्र. तिथल्याच चित्रकारांनी ते रंगवलं तेव्हा शेजारची रायफल अखंड ठेवली आणि वरच्या फुलपाखराची नुसती रेघ काढली. शांतता टिकेल असा भरवसा वाटल्यावर, २००६ मध्ये, रायफल मोडलेली दाखवली गेली आणि फुलपाखरात रंग भरला गेला.

मार्च २०१५ मध्ये त्याच शहरात अमेरिकी कलाकार डेव्हिड बेस्ट यांनी दोन्ही समाजांतल्या लोकांना हाताशी धरून लाकडाचं एक उंच, जाळीदार मंदिर उभारलं. हजारो लोकांनी त्यावर गेलेल्यांची नावं आणि न बोललेल्या गोष्टी लिहून ठेवल्या आणि आठवडाभराने ते जाळण्यात आलं. तिथे होळ्या पेटतात त्या आपापल्या बाजूचं वर्चस्व मिरवण्यासाठी. ११ जुलैच्या रात्री एका बाजूच्या, १५ ऑगस्टला दुसऱ्या बाजूच्या, आणि अनेकदा त्यांवर समोरच्यांचे झेंडे जळतात. तीच आग दोघांनी मिळून पेटवावी, ही कल्पना बाहेरच्या कलाकाराची असली तरी रुजली ती स्थानिक हातांमुळे.

श्रीलंकेत वेगळी वाट निघाली. २००२ च्या युद्धविरामानंतर पराक्रम निरिएल्ला आणि एच. ए. परेरा यांनी ‘जन करलिय’ ही फिरती नाटकमंडळी उभी केली. सिंहली आणि तमिळ तरुण कलाकार एकत्र राहतात, तंबू घेऊन गावोगाव जातात आणि तेच नट दोन्ही भाषांत प्रयोग करतात. म्हणजे सिंहली मुलाला तमिळ संवाद पाठ करावे लागतात आणि उच्चार सुधारायला तमिळ सहकाऱ्याकडेच जावं लागतं. युद्ध पुन्हा पेटलं, २००९ मध्ये संपलं, तरी मंडळी चालू राहिली.

पेरूत कला सत्यशोधनाच्या दारात उभी राहिली. तिथल्या सत्य व समेट आयोगाने २००३ साली, सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या १९८० ते २००० च्या संघर्षातल्या मृत आणि बेपत्ता लोकांची संख्या सुमारे ६९,००० असल्याचा अंदाज दिला. त्यातल्या दर चारांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ ही तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा होती. २००२ मध्ये जनसुनावण्यांच्या आधी युयाचकानी या नाट्यगटाने आयाकुचो भागातल्या बाजारांत आणि चौकांत प्रयोग केले. मेल्यानंतरही मुलाला शोधत फिरणारी आई बाजाराच्या गर्दीत अवतरली तेव्हा भाजी विकणाऱ्या बायका तिच्याभोवती जमल्या. साक्ष द्यायला घाबरणाऱ्यांना आपलं दुःख सर्वांसमोर मांडता येतं हे आधी डोळ्यांनी दिसलं.

सुईदोऱ्याचा इतिहास स्वतंत्र लिहिण्यासारखा आहे. चिलीत सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे नवरे आणि मुलगे गायब झाले त्या बायका चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवून चित्रं करू लागल्या. ती ‘आर्पियेरा’ गुपचूप देशाबाहेर जाऊ लागली. कोलंबियात मार्च २००० मध्ये निमलष्करी टोळ्यांनी मांपुखान गाव रिकामं करायला लावलं. काही वर्षांनी तिथल्या बायका मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या एका अमेरिकी मानसतज्ज्ञ बाईंकडून कापड जोडून चित्र करायला शिकल्या. पहिल्यांदा त्यांनी त्या रात्रीची पळापळ शिवली, पुढे आपल्या पूर्वजांना गुलाम करून आणलं गेलं तिथपर्यंत मागे गेल्या. २०१५ साली त्यांना राष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला. २०१६ च्या कोलंबियन शांतता करारात तर बंडखोरांच्या शस्त्रांपासून तीन स्मारकं करायचं कलमच होतं. राजधानी बोगोटातलं स्मारक शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी केलं. ३७ टन शस्त्रं वितळवून त्याची जमीन तयार झाली आणि तिच्या फरशांचे साचे ठोकून घडवले ते युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांनी.

यातून फरक पडतो का? याचं एक नेमकं उत्तर पुन्हा रवांडाच्या रेडिओतूनच मिळालं. २००४ मध्ये तिथे ‘मुसेकेवेया’ ही मालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावांचं भांडण आणि त्यातून वाट काढणारी माणसं असा तिचा विषय. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पालक यांनी वर्षभर काही गटांना ही मालिका आणि काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका ऐकवून तुलना केली. २००९ च्या निष्कर्षानुसार श्रोत्यांच्या मनातल्या समजुती फारशा हलल्या नव्हत्या. बदललं होतं ते आपल्या समाजात काय चालतं याबद्दलचं त्यांचं आकलन आणि वागणं. ते उघडपणे मतभेद बोलून दाखवू लागले होते आणि सामायिक वस्तू कशी वापरायची हे आपसात चर्चा करून ठरवत होते. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. शेजाऱ्याबद्दलचं मन वर्षभरात बदलेल ही अपेक्षाच अवाजवी होती.

पैशाची बाजू मात्र अजून सुटलेली नाही. युरोपीय संघाने १९९५ पासून उत्तर आयर्लंड आणि सीमाभागासाठी ‘पीस’ निधी सुरू केला. २०२१ ते २०२७ या टप्प्यात तो एक अब्ज युरोहून अधिक आहे. त्याशिवाय अनेक कलागट उभेच राहिले नसते. पण असा निधी ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांना मिळतो आणि दोन्ही समाजांतली किती माणसं आली हे मोजून हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे तीन महिन्यांचं नाटक मंजूर होतं, पण दहा वर्षं एकाच वस्तीत बसून राहणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार निघणं कठीण होतं. आणि तालीम संपल्यावर मुलं परत जातात ती वेगळ्या शाळांमध्ये: तिथल्या दहांपैकी नऊहून अधिक मुलांची शाळा आजही दोन्ही समाजांना एकत्र शिकवणाऱ्या शाळांपैकी नाही. ‘पीस वॉल’ २०२३ पर्यंत हटवायच्या असं सरकारने २०१३ मध्ये ठरवलं होतं. ती मुदत उलटून गेली आहे आणि बहुतेक भिंती जागेवरच आहेत.