खंडोबाच्या किड्याची नजर

खंडोबाच्या किड्याचा, म्हणजेच प्रार्थना कीटकाचा, फोटो समोरून काढा नाहीतर बाजूने. टपोऱ्या डोळ्यातला काळा ठिपका तुमच्याकडेच रोखलेला दिसतो. हे बुबुळ नव्हे. त्याचा प्रत्येक मोठा डोळा हजारो सूक्ष्म नेत्रिकांचा बनलेला असतो. ज्या नेत्रिका नेमक्या कॅमेऱ्याकडे रोखलेल्या, त्या आत शिरलेला प्रकाश गिळून टाकतात, म्हणून तेवढाच भाग काळा. तुम्ही सरकलात की दुसऱ्या नेत्रिकांची पाळी. दिवसा हिरवट दिसणारे हेच डोळे अंधार पडला की गडद, जवळजवळ काळे होतात. दुपारी जास्वंदीवर आणि रात्री व्हरांड्यातल्या दिव्यापाशी असे दोन फोटो काढून ताडून बघाच.

त्याला खोली कळते, म्हणजे भक्ष्य किती लांब आहे हे दोन्ही डोळ्यांच्या मेळातून उमगते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी या किड्यांना मधमाश्यांच्या मेणाने चिमुकले थ्री-डी चष्मे चिकटवले आणि पडद्यावर खोटे भक्ष्य हलवले. ते टप्प्यात आल्यासारखे भासले की किड्याने झडप घातली! हे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या प्रयोगांतून कळले, की ही थ्री-डी नजर स्थिर चित्रावर चालत नाही. जिथे काही बदलते, हलते, तिथेच ती लागू पडते.

फोटो काढणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मोबाइल झटक्यात पुढे नेऊ नका. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या, मागची भिंत शक्य तितकी लांब राहू द्या आणि फोकस डोळ्यावरच धरा. तो डावीकडे-उजवीकडे डुलू लागला तर व्हिडिओच घ्या: पुष्कळदा पुढे झेपावण्याआधीचे ते अंतर मोजणे असते. भक्ष्यावरची झडप मात्र पापणी लवण्याआधी संपते. साध्या मोबाइलवर ती मिळाली तर नशीब म्हणायचे. बोटाने डिवचून पोज घ्यायला लावणे मला तरी पटत नाही.

फांदीवर किंवा खिडकीच्या चौकटीत वाळलेल्या फेसासारखी तपकिरी वडी चिकटलेली दिसली, तर खरवडू नका. ती मादीने घातलेल्या अंड्यांची पेटी. पिल्ले निघतात ती बिनपंखी, पण रूप आईबापांचेच. कधी मात्र पेटीवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसतात. तिथून किड्याची पिल्ले नव्हे, तर त्याच्या अंड्यांवर वाढलेल्या पोडॅग्रिऑन नावाच्या इवल्या गांधीलमाश्या बाहेर पडलेल्या असतात.