बक्षीस कोणाच्या हातून? झाडीपट्टीचा प्रेक्षक आणि टीव्हीवरचे नाट्यपुरस्कार

मार्च-एप्रिलच्या सुमारास एखाद्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मराठी नाटकांच्या पुरस्कारांचा सोहळा लागतो, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, गावांतून एक प्रश्न हमखास निघतो: ‘यात आपलं नाटक कुठं आहे?’ मुंबई-पुण्याकडे हा रुसवा वाटतो. पण विचारणारा माणूस त्याच हिवाळ्यात चार-सहा नाटकं तिकीट काढून, रात्रभर थंडीत बसून पाहून आलेला असतो. नाटकाचा तो पक्का गिऱ्हाईक आहे, म्हणूनच विचारतो. हा प्रश्न कुठून आला, ते समजून घ्यायचं तर आधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जावं लागतं, टीव्ही नंतर.

झाडीपट्टीचं नाटक धानावर चालतं. दिवाळीत धान कापणीला येतो, भाऊबिजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचं ठाणं. कंपन्यांची कार्यालयं तिथं. गावचं मंडळ वडशाला जातं, कंपनी ठरवतं, इसार देतं, तारीख पक्की करतं. नट-नट्या, पडदे, वाद्यं आणि वादक कंपनीचे. जागा, मांडव, तिकीटविक्री आणि बंदोबस्त मंडळाचा. तिकिटांच्या पैशांतून कंपनीचे ठरलेले चुकते केले की उरलेलं मंडळाचं, आणि कमी पडलं तर तेही मंडळाच्याच खिशातून. त्यामुळे नाटक चांगलं झालं की वाईट, हा प्रश्न इथे नुसता आवडीचा नसतो. गावातल्या वीस-पंचवीस पोरांचे पैसे त्यात अडकलेले असतात.

कापणी झालेल्या बांधीतच नाट्यगृह उभं राहतं. रंगमंचापुढची माती खोदून मागे टाकत जातात, म्हणजे पुढचा भाग खोल आणि मागचा उंच होतो. मागे बसलेल्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही. पुढे खुर्च्या, मागे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून त्यावर घरून आणलेली सतरंजी नाहीतर चादर. जाणतं मंडळ जागा उंचावरची धरतं, कारण सखल बांधी निवडली आणि ऐनवेळी अवकाळी पाऊस आला की सगळं पाणी याच खड्ड्यात येऊन बसतं. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. ही लांबी उगाच आलेली नाही. प्रेक्षक आजूबाजूच्या दहा-बारा गावांतून येतात, पूर्वी खासराने, बंडीने, म्हणजे बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने, मोटरसायकलने. जंगलातल्या वाटेने मध्यरात्री परत जाणं शक्य नसे. उजाडेपर्यंत खेळ चालला पाहिजे, म्हणून कथेच्या मध्ये विनोदी प्रवेश, गाणी, नाच असं सगळं बसत गेलं. नाटकाच्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकीची बोलणी होतात. ‘आमच्या गावाला नाटक आहे, या’ हे निमंत्रण लग्नाच्या निमंत्रणाइतकंच जड असतं.

आणि त्याच रात्रीत नटाचा निकालही लागतो. नाटकाच्या आधीपासून इथे दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार आहेत. खडी गंमतीत शाहिराचं गाणं किंवा नाच्याची अदा आवडली की प्रेक्षक उठतो, नोट पुढे करतो, आणि देणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे पुकारलं जातं. रक्कम लहान असते: अकरा, एकवीस, एक्कावन्न. पण कोणी, कोणाला, कशासाठी दिलं, हे सगळ्या गावासमोर होतं. पुढे नाटक आलं तरी ही नजर तशीच राहिली. पद रंगलं की ‘वन्स मोर’, आणि पाठांतर कच्चं असलं, प्रॉम्प्टरचा आवाज नटाआधी ऐकू आला, तर तेही बोलून दाखवायला प्रेक्षक कचरत नाही. पुढच्या हंगामात मंडळ वडशाला जातं तेव्हा ‘तो नट आहे का, ती नटी आहे का’ हे आधी विचारतं आणि मगच इसार देतं. दुसऱ्यांदा मिळालेलं बुकिंग हाच या रंगभूमीचा खरा पुरस्कार आहे, आणि तो प्रेक्षकाच्या हातून जातो.

टीव्हीवरच्या सोहळ्यात हा हात दुसऱ्याचा असतो. बहुतेक पुरस्कार परीक्षक ठरवतात, प्रेक्षक बघतो. बाहेरही बहुतेक हीच रीत आहे. अमेरिकेतले टोनी नाट्यपुरस्कार १९४७ साली सुरू झाले आणि टीव्हीवर देशभर दिसू लागले ते १९६७ पासून. ज्यांनी ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचं, एकही नाटक पाहिलं नाही, अशा घरांतही ब्रॉडवेचा निकाल तेव्हापासून पोहोचू लागला. न पाहिलेल्या नाटकाचा निकाल ऐकणं ही गोष्ट टीव्हीने आणली. झाडीपट्टीत ती जास्त टोचते, कारण इथल्या माणसाने नाटकं पाहिलेली असतात, फक्त ती नाहीत.

टीव्ही इथे पोहोचला तोही उशिराने. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. विदर्भातल्या लहान गावांपर्यंत चित्र आलं ते १९८२ च्या आशियाई स्पर्धांनंतर, देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक बसू लागले तेव्हा. या प्रक्षेपकांवर बहुतेक वेळ दिल्लीचा कार्यक्रम दिसे. म्हणजे टीव्ही आला तरी मराठी नाटक त्यावर फारसं आलं नाही. गावात एकच संच, तोही ग्रामपंचायतीचा किंवा गुरुजींच्या घरचा, आणि अंगणभर माणसं. दूरदर्शनला काही सांगायचं झालं तर पंधरा पैशांचं पोस्टकार्ड.

चित्र पालटलं ते उपग्रह वाहिन्यांनी. अल्फा मराठी १९९९ मध्ये आली, ईटीव्ही मराठी २००० मध्ये, आणि त्याच सुमारास दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं. नाट्यपुरस्कार हा प्रायोजकांसह सजवलेला, नाचगाण्यांचा कार्यक्रम झाला तो या वाहिन्यांच्या काळात. त्याआधी पुरस्कार म्हणजे शाल, श्रीफळ, भाषणं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी.

तरीही गावातला प्रेक्षक कुणाच्या मोजणीत नव्हता. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण भागात दहा-बारा तासांचं भारनियमन होतं. सोहळा सुरू होऊन पहिली दोन नामांकनं ऐकली की वीज जायची. ‘लोकप्रिय’ पुरस्कारासाठी एसएमएस पाठवायचा तर जंगलपट्ट्यात रेंज नाही. मोठं कारण मात्र वेगळंच होतं. कोण काय बघतो हे मोजणारी यंत्रं तेव्हा शहरांतल्या घरांत होती. ग्रामीण घरं टीव्हीच्या मोजणीत आली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची ग्रामीण आकडेवारी सुरू झाल्यावर. सोहळ्यात कोणाला नाचवायचं, कोणतं प्रहसन ठेवायचं, हे ज्या आकड्यांवर ठरे, त्यांत खेड्यातल्या घराला तोवर जागाच नव्हती. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या एकेक निवडून पैसे भरण्याची पद्धत आली. बऱ्याच घरांनी सशुल्क वाहिन्या काढून टाकल्या, मोफत डिशवर आले, आणि सोहळा पुन्हा पडद्याआड गेला. आता तो तुकड्या-तुकड्यांनी फोनवर येतो.

‘आपलं नाटक का नाही’ याचं उत्तर मात्र नियमांत आहे, कुणाच्या दुष्टाव्यात नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तिचं चंद्रपूरलाही केंद्र असतं. पण ती हौशी संघांची. झाडीपट्टीचा नट दिवसा शेती करतो, दुकान चालवतो, शाळेत शिकवतो, आणि रात्री ठरलेल्या बिदागीवर उभा राहतो. हा माणूस हौशी म्हणावा तर पैसे घेतो, आणि व्यावसायिक म्हणावा तर मुंबईच्या नाट्यगृहात त्याचा प्रयोग नाही. दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर ही रंगभूमी उभी आहे.

वाहिन्यांच्या पुरस्कारांचा हिशोब बहुधा एका मुदतीतल्या नव्या निर्मितींचा असतो. झाडीपट्टीचं नवं नाटक दिवाळीत उघडतं आणि होळीला मिटतं, म्हणजे एकच हंगाम दोन वर्षांत विभागला जातो. परीक्षकाने येऊन बघायचं तर प्रयोग आज एका तालुक्यात, उद्या साठ किलोमीटरवर. मुक्कामाची सोय नाही, आणि पहाटेपर्यंत जागरण. मुंबईत शनिवार-रविवारी तीन प्रयोग पाहून होतात, इथे तेवढ्याला तीन रात्री आणि एक गाडी लागते. शिवाय विभागांची यादी बघा: लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा. इथलं नाटक ज्यांच्या खांद्यावर पहाटेपर्यंत टिकतं, तो ऑर्गनवाला, तबलजी, आणि संहिता हातात धरून रात्रभर वाचणारा प्रॉम्प्टर, यांच्यासाठी त्यात रकाना नाही.

मग चित्रफीत पाठवावी, असं सुचवलं जातं. इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. झाडीपट्टीच्या रंगमंचावर माइक वरून टांगलेले असतात. नट बोलण्यासाठी माइकखाली येतो, आवाज चढवतो, शब्द तोडून बोलतो, कारण शेवटच्या तणशीवरच्या म्हातारीला तो ऐकू गेला पाहिजे. हेच जवळून कॅमेऱ्यात पाहिलं की किंचाळणं वाटतं. त्यात कॅमेरा एकच, मागे खांबाला बांधलेला. त्याचा माइक नटाचा आवाज न घेता कर्ण्याचा आवाज घेतो, तोही घुमून. हॅलोजनच्या उजेडात चेहरे पांढरेफटक होतात आणि रंगभूषेची सगळी मेहनत वाया जाते. चित्रफीत कामाची व्हायची असेल तर ध्वनी मिक्सरमधून थेट वायरने घ्यावा, एक कॅमेरा खड्ड्याच्या मध्यावर नटाच्या नजरेच्या उंचीला ठेवावा, दुसरा प्रेक्षकांकडे वळवावा, आणि उजेडाचं माप नटाच्या चेहऱ्यावर धरून ते रात्रभर हलवू नये. दुसरा कॅमेरा चैनीसाठी नाही. प्रेक्षकाचा हुंकार, हसू, ‘वन्स मोर’ दिसल्याशिवाय नट मध्येच का थांबला, तेच पद पुन्हा का घेतलं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना, तेही आधीच पाहून ठेवावं. ते महाराष्ट्रात रंगमंचावर येणाऱ्या प्रत्येक नाटकाला लागतं.

दुसरी मोठी नाराजी भाषेची आहे. सोहळ्यातल्या प्रहसनांत ‘विदर्भातला माणूस’ आला की तो गडी असतो, भोळा असतो, आणि वऱ्हाडी बोलतो. हसू येतं ते त्याच्या बोलण्याला. झाडीपट्टीला हे दुहेरी लागतं, कारण ती बोलीसुद्धा तिची नाही. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळा म्हणजे ‘डोया’. झाडीपट्टीच्या झाडीबोलीत त्याचा ‘र’ होतो, डोळा म्हणजे ‘डोरा’. दोन्हीकडे ‘पाणी’ चं ‘पानी’ होतं, पण तेवढ्यावर दोन्ही एक होत नाहीत. वऱ्हाडातल्या अमरावतीचा आणि झाडीपट्टीतल्या आरमोरीचा माणूस एकमेकांना बोलण्यावरून पाच मिनिटांत ओळखतात. ज्या विदर्भाने महेश एलकुंचवारांसारखा नाटककार दिला, ज्याच्या चंद्रपूर जिल्ह्यातले नाटककार प्रेमानंद गज्वी २०१९ मध्ये नागपूरच्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या भागाची ओळख एका प्रहसनातल्या गड्यापुरती उरावी, हे गावात लोकांना मनापासून लागतं. आणि लागावंच, असं आमचं मत आहे.

याच्या अगदी उलट प्रतिक्रिया २०२३ च्या जानेवारीत दिसली. प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर झालेल्या पद्मश्रींच्या यादीत गडचिरोली जिल्ह्याचे डॉ. परशुराम खुणे यांचं नाव होतं. पाच हजारांच्या आसपास प्रयोगांत काम केल्याची नोंद असलेला झाडीपट्टीचा नट. हंगाम ऐन भरात होता. तो पुरस्कार कुणाला समजावून सांगावा लागला नाही, कारण देणाऱ्याआधी प्रेक्षकांनी तो माणूस स्वतः पाहिलेला होता.

त्याच वर्षी १८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. पुरस्कारांशी याचा संबंध नाही असं वाटेल, पण झाडीपट्टीत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक ही जोडी फार जुनी. २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आली तेव्हा पटाच्या निमित्ताने येणारे पाहुणे आटले आणि त्या गावांतली नाटकंही अडचणीत आली. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने ऐन हंगामात तिकिटाच्या खिडकीवर सुट्या पैशांची पंचाईत केली, आणि करोनात प्रयोग बंद पडले. या सगळ्यातून हंगाम पुन्हा उभा राहिला आहे. सोहळ्यातला एखादा तुकडा फोनवर आला की गावातली पोरं आता त्याखाली आपल्या नटाचं आणि आपल्या गावाचं नाव लिहितात, जसं खडी गंमतीत नोट देणाऱ्याचं नाव पुकारलं जाई तसं. बाकीचं बोलणं भाऊबिजेनंतर, वडशाला इसार घेऊन गेल्यावर होतं.