अमेरिकेत अनवधानाने उड्डाणनियमाचा भंग झाल्यास : नासाकडे अहवाल देण्याची प्रक्रिया

अमेरिकेत विमान चालवताना नेमून दिलेली उंची चुकून ओलांडली गेली किंवा विनापरवानगी नियंत्रित हवाई हद्दीत शिरकाव झाला, तर नियंत्रक रेडिओवरून एक दूरध्वनी क्रमांक देतो आणि उतरल्यावर संपर्क साधण्यास सांगतो. तो क्रमांक लिहून घेताना नवशिक्याचा हात थरथरतो. महाराष्ट्रातून तिकडे प्रशिक्षणासाठी जाणाऱ्यांनी म्हणूनच ही प्रक्रिया पहिल्या एकल उड्डाणाआधीच समजून घ्यावी.

१ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान डलेस विमानतळाकडे येताना व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि ९२ जणांचा मृत्यू झाला. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच परिसरात थोडक्यात बचावले होते, परंतु ती माहिती इतर कंपन्यांच्या वैमानिकांपर्यंत पोहोचलीच नव्हती. अशा चुका निर्भयपणे सांगता याव्यात म्हणून १९७६ मध्ये अहवाल स्वीकारण्याचे काम कारवाईचा अधिकार असलेल्या एफएएऐवजी (अमेरिकेची नागरी विमान वाहतूक नियामक यंत्रणा) नासाकडे सोपवण्यात आले.

असा अहवाल दिलेल्या वैमानिकाला काही अटींवर शिक्षेतून सूट मिळते. त्यासाठी नियमभंग अनवधानाने झालेला असावा, हेतुपुरस्सर नव्हे. त्यात गुन्हा, अपघात किंवा वैमानिकाच्या पात्रतेचा अभाव उघड करणारी बाब नसावी. आधीच्या पाच वर्षांत एफएएच्या कारवाईत तो दोषी ठरलेला नसावा. आणि घटना घडल्यापासून, किंवा ती लक्षात आल्यापासून अथवा यायला हवी होती त्या दिवसापासून, दहा दिवसांच्या आत अहवाल पाठवल्याचा पुरावा त्याच्याकडे असावा. एफएएचे चौकशीचे पत्र अनेकदा ही मुदत उलटल्यावर हाती पडते. त्यामुळे नियंत्रकाने काही म्हटले नसले तरी अहवाल द्यावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अहवालाचा अर्ज निःशुल्क असून तो ऑनलाइन किंवा टपालाने पाठवता येतो. वैमानिक, नियंत्रक, देखभाल कर्मचारी आणि केबिन कर्मचारी यांच्यासाठी वेगवेगळे नमुने आहेत. अर्जाच्या वरच्या पट्टीत नाव, पत्ता, दूरध्वनी, घटनेची तारीख, वेळ आणि प्रकार भरायचा असतो. त्याखाली विमान, हवामान व घटनाक्रम सविस्तर लिहावा. नासा ही पट्टी अहवालापासून वेगळी करून, तारखेचा शिक्का मारून अर्जदाराकडे परत पाठवते आणि त्याची ओळख स्वतःकडे ठेवत नाही. हीच पट्टी पुढे एफएएला दाखवावी लागते. म्हणून प्रकाराच्या रकान्यात ‘मी परवानगी न घेता शिरलो’ असे न लिहिता ‘हवाई हद्दीसंबंधी घटना’ एवढेच लिहावे. प्रामाणिक तपशिलाची जागा खालच्या निवेदनात आहे. अपघात किंवा गुन्ह्याविषयीचा अहवाल मात्र ओळखीसह संबंधित यंत्रणांकडे जातो, हे ध्यानात ठेवावे.

या सवलतीने दोष पुसला जात नाही. नियमभंग झाल्याचा निष्कर्ष नोंदवला जाऊ शकतो. फक्त दंड किंवा परवाना निलंबनाची शिक्षा लागू होत नाही. २०१५ पासून एफएए साध्या चुकांबाबत समुपदेशन आणि पुनर्प्रशिक्षणावर भर देते. तरीही चौकशीचे पत्र आलेच, तर त्याला उत्तर देणे बंधनकारक नसते. विमान वाहतूक कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलल्याखेरीज लेखी काहीही पाठवू नये आणि शिक्का मारलेली मूळ पट्टी जपून ठेवावी.