टर्बोची हवा मुरते कुठे?

टर्बोच्या गाडीचं पिकअप अचानक पडलं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर बॉनेटखालून ‘फुस्स’ ऐकू यायला लागलं, डिझेल गाडी असेल तर मागे काळा धूर दिसू लागला, की पहिला संशय टर्बोवर जातो. कित्येकदा तो बिचारा ठणठणीत असतो. त्याने दाबलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचण्याआधीच वाटेत मुरत असते.

वाट तशी लांबच आहे. मिनिटाला लाखभर फेरे घेणारा टर्बो हवा दाबतो, दाबताना ती तापते, इंटरकूलरमध्ये थंड होते आणि थ्रॉटलमधून, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत शिरते. वाटेत जागोजागी होज, क्लॅम्प, ओ-रिंगा, गॅस्केट. १ बार बूस्ट (टर्बोने चढवलेला जादा दाब) म्हणजे आत बाहेरच्या जवळपास दुप्पट दाब, त्यामुळे एखादा सांधा जरी ढिला असला तरी हवा निसटणारच.

भोक कुठे आहे, हे इंजिनच्या वागण्यावरून बरंच ओळखता येतं. समजा, मॅनिफोल्डला ३ मिलिमीटरचं भोक पडलंय. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन ४००० आरपीएमला, १ बार बूस्टवर सेकंदाला साधारण १०० ग्रॅम हवा घेतं. त्यातली या भोकातून जेमतेम २ ग्रॅम जाते, चालवताना कळणारही नाही. पण आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो आणि तेच भोक बाहेरची हवा आत ओढतं. तेव्हा इंजिनची गरजच २-३ ग्रॅमची आणि भोकातून येणार एखादा ग्रॅम! ही हवा टर्बोच्या आधी बसलेल्या एअरफ्लो सेन्सरने मोजलेली नसते, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थरथरतं. जोरात चालवताना उलट: मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबानेच पडतं.

भोक टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये असेल तर आयडलिंग अगदी सुरळीत, तक्रार फक्त बूस्ट चढल्यावर. एअरफ्लो सेन्सरऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजून चालणाऱ्या गाड्यांत मिश्रण फारसं बिघडत नाही, त्यामुळे गळती बराच काळ लपून राहते. ठरलेला दाब गाठण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टर्बोला आणखी पळवतो, हवा जास्त तापते आणि टर्बोचं आयुष्य घटतं. अगदीच दाब मिळेना, तेव्हा कुठे स्कॅनरवर पी०२९९ हा कोड दिसतो.

शोधायला धुराचं मशीन सोयीचं, पण त्याचा दाब फार कमी असतो. दाबाखालीच उघडणारी चीर त्यात हमखास सुटते. माझा भरवसा कॉम्प्रेसरवर. इंजिन बंद ठेवून, एअरफ्लो सेन्सरनंतरचा पाइप काढायचा, टर्बोच्या तोंडाशी झडप असलेलं बूच घट्ट बसवायचं आणि रेग्युलेटरमधून हवा सोडायची, आधी ०.२ बार, मग हळूहळू वर, पण गाडीच्या नेहमीच्या बूस्टपलीकडे नाही. बुचासमोर उभं राहायचं नाही, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. मग सांध्यांवर साबणाचं पाणी. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून जातेच, तिला घाबरायचं कारण नाही. ऑइल फिलरमधून जोरात फुसफुस येत असेल तर मात्र पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू इनटेककडे नेणारी झडप) तपासावा.

बुडबुड्यांच्या आधीही एक खूण दिसते. टर्बोच्या हवेत तेलाचा अंश असतो, त्यामुळे गळक्या सांध्याभोवती तेलकट ओल आणि तिच्यावर चिकटलेली काळी धूळ असते. इंटरकूलरच्या प्लॅस्टिक टाकीची अ‍ॅल्युमिनियमशी जोडलेली कड आणि होजची खालची, न दिसणारी बाजू टॉर्च लावून बघावी.

दुरुस्तीत घाई नडते ती पुसण्यात. पाइपवर तेल राहिलं की नवा होजही बूस्टमध्ये सरकतो, म्हणून दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने कोरड्या कराव्यात. क्लॅम्प पाइपच्या उभारलेल्या कडेच्या मागे बसला पाहिजे, कडेवर नव्हे. खाचांचा साधा क्लॅम्प मऊ सिलिकॉनला कापतो; तिथे टी-बोल्टचा घ्यावा. ओ-रिंग नेहमी नवी. चिरलेल्या होजला टेप गुंडाळणं घरी पोचण्यापुरतं ठीक.

मग पुन्हा हवा भरून बघायची. सांधे कोरडे राहिले, तरी गाडी लगेच पूर्ववत वाटेलच असं नाही: गळती असताना ईसीयूने शिकून ठेवलेला इंधनाचा हिशेब पुसायला काही काळ गाडी चालवावी लागते, किंवा स्कॅनरने तो शून्यावर आणावा लागतो.