वारा फिरेपर्यंत मुक्काम मलाक्काला

आजच्या मलेशियातल्या मलाक्का बंदराकडे स्वतःचं म्हणून विकायला फारसं काही नव्हतं. लवंग मोलुक्का बेटांची, जायफळ बांदा बेटांचं, कापड गुजरात आणि कोरोमंडलचं, रेशीम चीनचं. आसपास थोडं कथील मिळे, एवढंच. तरीही सुमात्रातल्या पालेमबांगहून परागंदा झालेल्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने 1400 च्या सुमारास वसवलेलं हे गाव शंभर वर्षांत आशियातलं एक बडं बंदर झालं. श्रेय बहुतेकदा राजांना मिळतं. माझ्या मते मोठा वाटा वाऱ्याचा.

उन्हाळ्यात आशियाची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिथला हवेचा दाब उतरतो आणि दक्षिण गोलार्धातली हवा तिकडे ओढली जाते. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे ती उजवीकडे वळते. हेच नैर्ऋत्य मोसमी वारे. हिवाळ्यात जमीन गार पडते आणि वारे ईशान्येकडून वाहू लागतात. शिडाच्या जहाजांपुढे दुसरा इलाज नव्हता. ईशान्येचा वारा चिनी जहाजांना मलाक्काला आणी आणि हिंदी जहाजांना घरी नेई. नैर्ऋत्येचा बरोबर उलटं करी. त्यामुळे गुजरातहून पार चीनपर्यंत जाण्यापेक्षा मधेच मालाची अदलाबदल करून परतणं परवडे.

पण त्यासाठी कोणाला तरी महिनोन्‌महिने थांबावं लागेच. चिनी नौसेनापती चेंग ह याच्या आरमारासोबत आलेला दुभाष्या मा हुआन याने लिहून ठेवलं आहे, की चिनी लोक इथे चार दरवाजांचं कुंपण घालत, आत वखारी बांधत, रात्री पहारा ठेवत आणि पाचव्या महिन्यात दक्षिणेचा वारा लागला की निघत.

इतके परके इतका काळ एका गावात राहणार म्हणजे तंटे आलेच. सुलतानांनी बंदरावर चार अधिकारी नेमले, त्यांना शहाबंदर म्हणत. त्यातला एक केवळ गुजरात्यांसाठी होता, यावरून त्यांचं वजन कळावं. पश्चिमेकडच्या मालावर सहा टक्के जकात; पूर्वेकडचे व्यापारी तिच्याऐवजी नजराणे देत. पोर्तुगीज औषधविक्रेता टोमे पिरेस 1512 ते 1515 या काळात इथे होता. शहरात 84 भाषा बोलल्या जातात, असं तो सांगतो. आकडा फुगवलेला असेलही. सौदे मात्र मलय भाषेत जमत.

आणि लग्नंही जमली. तमिळ व्यापाऱ्यांनी स्थानिक बायका केल्या. त्यांचे वंशज म्हणजे मलाक्काचे चिट्टी. ते मलय बोलतात, बायका सारोंग-कबाया नेसतात, पोंगल मात्र चुकत नाही. त्यांचं विनायकाचं देऊळ 1781 चं. जवळच 1748 ची मशीद आहे, तिचा मिनार पॅगोडासारखा. तिथून चार पावलांवर चिन्यांचं चेंग हून तेंग मंदिर. चिनी-मलय घरांतून पेरानाकान स्वयंपाक आला, तर पोर्तुगीज वंशजांची क्रिस्तांग बोली आजही थोडे लोक बोलतात.

पोर्तुगीज आले ते 1511 मध्ये, अल्बुकर्कच्या तोफांसह. त्यांनी शहर घेतलं, पण मोसमी वारे काही एकट्या मलाक्कासाठी वाहत नव्हते. मुस्लिम व्यापारी आचे, जोहोर अशा बंदरांकडे वळले. 1641 मध्ये डच आले, तोवर जुना दबदबा ओसरला होता. पुढे 1819 मध्ये इंग्रजांनी सिंगापूरला खोल पाण्याचं, जकात नसलेलं बंदर उघडलं. त्यानंतर आलेल्या आगबोटींना मोसमाची वाट पाहायचीच नव्हती, आणि मलाक्काचा गाळाने भरत चाललेला उथळ किनारा त्यांच्या कामाचा नव्हता.